बोजोले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोजोलेबद्दल येणारे बरेचसे प्रश्न एकाच समजातून निघतात: ही नोव्हेंबरात गाजावाजा करत येणारी, वर्षभरात विसरली जाणारी वाइन आहे. तो समज दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. जेवणाच्या ताटाशी इतक्या सहज जुळणारी दुसरी फ्रेंच रेड वाइन मला माहीत नाही. साध्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. उत्तर आधीच आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बोजोले हे द्राक्षाचं नाव की गावाचं?

प्रदेशाचं. फ्रान्सच्या पूर्व भागात, लिऑन शहराच्या उत्तरेला आणि बर्गंडीच्या दक्षिण टोकाला लागून टेकड्यांचा एक पट्टा आहे. त्याच्या पूर्वेला सोन नदी वाहते. पट्ट्याला नाव मिळालं ते बोजू या छोट्या गावावरून. फ्रेंच वाइनवर द्राक्षाऐवजी प्रदेशाचं नाव लिहायची रीत आहे, त्यामुळे ‘बोजोले’ वाचून द्राक्ष कळत नाही. इथल्या रेड वाइनचं द्राक्ष म्हणजे गामे. पूर्ण नाव ‘गामे नुआर आ ज्यू ब्लाँ’, म्हणजे पांढऱ्या रसाचं काळं गामे. रंग सगळा सालीत असतो, गर फिकट असतो.

२. चवीला कशी लागते? मी आजवर नाशिकची शिराझ आणि काबर्ने एवढंच प्यायलो आहे.

मग पहिल्या घोटाला ती तुम्हाला पातळ वाटेल. तिथे थांबू नका. शिराझमध्ये मिरीचा झणका, दाट रंग आणि भरीव अंग असतं. काबर्नेत हिरड्या आवळणारा तुरटपणा असतो. बोजोलेत हे दोन्ही कमी. तिचा जोर ताज्या लाल फळांवर असतो: रासबेरी, चेरी, स्ट्रॉबेरी. काही ठिकाणच्या वाइनमध्ये फुलांचा वास येतो, काहींमध्ये थोडी मिरी. आंबटपणा ठसठशीत असतो, त्यामुळे तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. मद्यार्क साधारण १२ ते १३.५ टक्के. ती गोड नसते. फळाच्या वासामुळे गोडीचा भास होतो, साखर मात्र जवळपास सगळी आंबून गेलेली असते.

३. रेड वाइन असून इतकी कमी तुरट कशी? त्यात काही मिसळतात का?

काही मिसळत नाहीत. फरक द्राक्षात आहे आणि त्याहून जास्त आंबवण्याच्या पद्धतीत आहे.

बहुतेक ठिकाणी रेड वाइनसाठी द्राक्षं देठापासून सोडवतात, चिरडतात आणि रस सालीसकट आंबवतात. बोजोलेत अख्खे घड, देठांसकट, टाकीत रचले जातात. म्हणूनच इथे हाताने तोडणीची परंपरा इतकी पक्की आहे. यंत्राने झोडपलेले घड या कामाला उपयोगी पडत नाहीत. टाकीच्या तळाचे मणी वरच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू टाकीभर साचून हवेला बाहेर ढकलतो. आता वरच्या, न फुटलेल्या मण्यांना प्राणवायू मिळत नाही. मग प्रत्येक मण्याच्या आत, यीस्टच्या मदतीविना, द्राक्षाच्या स्वतःच्या विकरांमुळे आंबणं सुरू होतं. मण्यात साधारण २ टक्के मद्यार्क झाला की तो दम तोडतो, फुटतो आणि पुढचं काम यीस्ट हाती घेतं.

या अवस्थेत दोन गोष्टी होतात. द्राक्षातलं मॅलिक आम्ल बरंच कमी होतं, म्हणून आंबटपणा टोचत नाही. शिवाय चिरडलेल्या द्राक्षांतून कधी मिळणार नाहीत असे फळांचे वास मण्याच्या आतच तयार होतात. तुरटपणा येतो साल, बिया आणि देठ यांतून, आणि तो उतरायला वेळ लागतो. साध्या वाइनला तो वेळ चार-पाच दिवसांचा मिळतो, चांगल्या क्रूला (वरच्या पायरीची वाइन, प्रश्न ५) दहा-पंधरा दिवसांचा किंवा जास्त. त्यानंतर घड दाबून जो रस निघतो तो अजून अर्धवट गोड असतो. तिथले लोक त्याला ‘पारादी’, म्हणजे स्वर्ग, म्हणतात आणि तोडणीच्या दिवसांत पेले भरभरून पितात. तो रस बाटलीत कधीच येत नाही. तो प्यायचा तर सप्टेंबरात तिथे जायलाच हवं.

४. माझ्या बाटलीला केळ्याचा वास येत होता. खराब होती का?

नाही. केळ्याच्या वासाचं एक संयुग (एस्टर) आंबताना तयार होतं आणि प्रश्न ३ मधल्या पद्धतीत, विशेषतः झटपट केलेल्या वाइनमध्ये, ते जास्त जाणवतं. ठरावीक यीस्ट वापरल्याने ते आणखी वाढतं. १९८० च्या दशकात असे वास असलेली बोजोले बाजारात इतकी आली की अनेकांच्या लेखी केळं हीच तिची ओळख बनली. मला हा वास आवडत नाही, कारण त्याखाली जमिनीचा आणि गावाचा वेगळेपणा बुजतो. मात्र तो दोष म्हणता येणार नाही. तो टाळायचा असेल तर क्रू निवडा (प्रश्न ६).

५. बोजोले, बोजोले-व्हिलाज आणि क्रू यांत फरक काय?

या तीन पायऱ्या आहेत आणि त्या मुख्यतः जमिनीवर ठरतात. दक्षिणेकडची चिकणमाती आणि चुनखडी, जिथल्या पिवळसर दगडांची घरं उन्हात सोनेरी दिसतात, तिथून बहुतांश साधी बोजोले येते. उत्तरेला ग्रॅनाइटचा भाग सुरू होतो. तिथल्या ३८ गावांच्या वाइनला बोजोले-व्हिलाज म्हणतात. त्याच उत्तर भागातली दहा ठिकाणं स्वतःच्या नावाने वाइन विकतात, ते क्रू.

बर्गंडीत ‘क्रू’ म्हटलं की एखादा ठरावीक मळा डोळ्यासमोर येतो. इथे क्रू म्हणजे एक गाव, काही गावांचा समूह किंवा एक डोंगर. किमतीच्या मानाने पाहिलं तर फ्रान्समधल्या सगळ्यांत चांगल्या सौद्यांपैकी मला हे क्रू वाटतात.

६. दहा क्रू कोणते, आणि सुरुवात कुठून करू?

उत्तरेकडून दक्षिणेकडे येऊ.

सँतामूर सगळ्यांत वर आहे. मऊ, लवकर पिण्याजोगी वाइन. नावात ‘आमूर’ म्हणजे प्रेम असल्यामुळे १४ फेब्रुवारीच्या आसपास हिची मागणी वाढते. ज्युलिएना जास्त भरीव आणि मसालेदार असते. गावाचं नाव ज्युलियस सीझरवरून आलं असं तिथले लोक सांगतात. शेना हा क्षेत्राने सगळ्यांत लहान क्रू. नाव ओकच्या जुन्या जंगलावरून आलेलं. वाइन कणखर असते आणि फार थोड्या लोकांना माहीत असल्यामुळे स्वस्तात मिळते.

मुलँ-आ-व्हाँ म्हणजे पवनचक्की, आणि ती पवनचक्की रोमानेश-तोरँ गावाच्या वर आजही उभी आहे. इथल्या गुलाबी ग्रॅनाइटमध्ये मँगनीज आहे. वेली कमी जोमाने वाढतात, फळ लहान आणि दाट येतं. काही उत्पादक इथे देठ काढून, बर्गंडीसारख्या पद्धतीने वाइन करतात आणि ओकच्या पिंपात मुरवतात. दहाही क्रूंमध्ये सगळ्यांत जास्त टिकणारी हीच.

फ्लरी म्हटलं की फुलांचा वास: आयरिस, व्हायोलेट, गुलाब. पोत रेशमी. शिरूब्ल सगळ्यांत उंचावर आहे, बरेच मळे ४०० मीटरच्या आसपास. थंडाव्यामुळे वाइन हलकी आणि तरतरीत राहते.

मॉर्गों माझ्या सगळ्यांत आवडीचा. तिथे कोत द्यू पी नावाची टेकडी आहे, जुन्या ज्वालामुखीजन्य खडकाची. तो खडक इतका झिजला आहे की हाताने कुस्करतो. गावकरी त्याला ‘कुजका खडक’ म्हणतात. तिथली वाइन कोवळी असताना गडद चेरीची आणि थोडी राकट असते, पाच-सात वर्षांनी मऊ पडते.

रेन्ये सगळ्यांत नवा, १९८८ मध्ये दर्जा मिळाला. सरळ, फळदार वाइन. ब्रुयी क्षेत्राने सगळ्यांत मोठा आणि म्हणून सगळ्यांत जास्त दिसणारा. दर्जा उत्पादकागणिक बदलतो. कोत द ब्रुयी मात्र वेगळा: तो माँ ब्रुयी या सुमारे ४८५ मीटर उंचीच्या डोंगराच्या उतारावर आहे आणि तिथला दगड निळसर आहे. डोंगरमाथ्यावर द्राक्षांच्या माउलीचं, नोत्र दाम ओ रेझँचं, छोटं प्रार्थनास्थळ आहे. १९व्या शतकाच्या मध्यावर वेलींवर भुरी पडून मळे उद्ध्वस्त होत होते, तेव्हा शेतकऱ्यांनी ते बांधलं. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला त्या डोंगरावर उभं राहून वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

सुरुवात फ्लरी आणि मॉर्गों अशा दोन बाटल्यांनी करा, शक्यतो एकाच संध्याकाळी, चार जणांत. एकाच द्राक्षाची दोन टोकं लगेच कळतात.

७. दुकानदाराने बोजोले म्हणून दिलं, पण लेबलवर बोजोले हा शब्दच नाही. फसवलं का?

बहुधा नाही. क्रूच्या बाटलीवर फक्त क्रूचं नाव असू शकतं: ‘मॉर्गों’, ‘फ्लरी’, ‘शेना’. प्रश्न ६ मधल्या दहा नावांपैकी एखादं दिसलं तर ती बोजोलेच. उलट फक्त ‘गामे’ लिहिलेली बाटली इथली असेलच असं नाही. लुआर खोऱ्यात आणि स्वित्झर्लंडमध्येही गामे पिकतं.

८. नूव्हो म्हणजे काय? आणि ती ठरावीक गुरुवारीच का येते?

‘नूव्हो’ म्हणजे नवी. सप्टेंबरात, हल्ली उष्ण वर्षी ऑगस्टअखेरीस, तोडलेल्या द्राक्षांची वाइन त्याच नोव्हेंबरात विकायला येते. ही प्रथा जुनी. नव्या हंगामाची वाइन पिंपातून थेट लिऑनच्या खानावळींत जायची आणि पेल्यावर विकली जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर नियम आला की नव्या हंगामाची वाइन १५ डिसेंबरपूर्वी विकायची नाही. उत्पादकांनी सूट मागितली आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये ती मिळाली. १९६७ मध्ये १५ नोव्हेंबर ही तारीख ठरली. पण ती कधी रविवारी यायची, कधी सुट्टीच्या दिवशी, म्हणून १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. म्हणजे १५ ते २१ यांमधली कुठलीतरी तारीख. २०२६ मध्ये ती १९ नोव्हेंबरला आहे.

बुधवारची मध्यरात्र उलटल्यावरच विक्री. बाटल्या त्याआधी जगभर पोचवता येतात, उघडायच्या मात्र त्या देशातल्या गुरुवारीच. म्हणून फ्रान्सच्या ८ तास पुढे असलेल्या जपानमध्ये ती आधी उघडते, आणि फ्रान्सबाहेर नूव्होचा सगळ्यांत मोठा ग्राहकही जपानच. बोजू गावात त्या रात्री द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्या पेटवून मिरवणूक निघते आणि मग पिंप फोडलं जातं. या दिवसाला जगभर पोचवण्यात व्यापारी जॉर्ज द्युबफ (१९३३–२०२०) यांचा वाटा सगळ्यांत मोठा.

नूव्हो फक्त बोजोले आणि बोजोले-व्हिलाज या नावांखाली करता येते. क्रूची नूव्हो नसते. कोणी ‘मॉर्गों नूव्हो’ विकत असेल तर घेऊ नका.

९. मित्राने दोन वर्षांपूर्वीची नूव्हो भेट दिली. ठेवू की उघडू?

आजच उघडा. ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत प्यायची वाइन आहे. दोन वर्षांनी ती विषारी होत नाही, पण फळाचा वास गेलेला असतो. फारच निस्तेज लागली तर स्वयंपाकात वापरा (प्रश्न १९).

१०. गामेला हलकं द्राक्ष का समजतात?

याचं मूळ १३९५ सालात आहे. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने त्या वर्षी हुकूम काढून गामेला वाईट आणि बेइमान वेल ठरवलं आणि उपटून टाकायला सांगितलं. गामे भरपूर पिकायचं आणि लवकर तयार व्हायचं, म्हणून शेतकऱ्यांना हवंसं होतं. ड्यूकला आपल्या पिनो नुआर या द्राक्षाच्या नावाला धक्का नको होता. बर्गंडीच्या चुनखडीत गामेची वाइन सामान्यच होते, हेही खरं.

पण बर्गंडीच्या दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटवर, तेच द्राक्ष बदलतं. आम्लधर्मी, निकस जमिनीत पीक आपोआप कमी येतं आणि फळात दम येतो. द्राक्ष आणि जमीन यांची जोडी लागावी लागते आणि ती इथे लागली. एक गोष्ट जाता जाता: जनुकीय तपासणीत गामे हे पिनो नुआर आणि गुए ब्लाँ यांचं अपत्य असल्याचं दिसलं. म्हणजे ड्यूकने ज्याला हाकललं ते त्याच्या लाडक्या द्राक्षाचंच पोर होतं.

११. रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवतात का? मी तर उलटं ऐकलं आहे.

‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड दगडी घरांसाठी होता. पुण्याची मे महिन्यातली किंवा मुंबईची कुठल्याही महिन्यातली खोली त्यात बसत नाही. ३० अंशांवर बोजोले प्यायलात तर मद्यार्काची वाफ आधी नाकात शिरते आणि फळ मागे राहतं. बहुतेक ‘मला बोजोले आवडली नाही’ या तक्रारींमागे हेच कारण सापडतं.

नूव्हो आणि साधी बोजोले ११-१२ अंशांवर, व्हिलाज १३ च्या आसपास, क्रू १४-१५ अंशांवर द्या. थर्मामीटर लागत नाही. खोलीतली बाटली पाऊण ते एक तास फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर फ्रिजमध्ये असेल तर वीस मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार झाली तर पेल्यात आपसूक तापते, कोमट झालेली मात्र लवकर सावरत नाही. बर्फाचे खडे पेल्यात टाकू नका.

१२. तिच्या स्वतःच्या प्रदेशात ती कशासोबत पितात?

याचं उत्तर लिऑनमध्ये आहे. त्या शहरातून तीन नद्या वाहतात, ऱ्होन, सोन आणि बोजोले, असं तिथे म्हणतात. ‘बूशों’ नावाच्या छोट्या खानावळींत वाइन ‘पो’मध्ये येते: जाड बुडाची, ४६ सेंटिलिटरची काचेची बाटली. जेवण साधं आणि चरबीदार. रोझेत नावाचं वाळवलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज, उकडलेल्या बटाट्यांसोबत गरम सॉसेज, आतड्यांची आंदुयेत, आणि भाजलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे व पाण्यात उकडलेलं अंडं घातलेलं लिऑनचं सलाड. शहरातले रेशीम विणकर पहाटेपासून राबल्यावर सकाळी नऊ-दहाला ‘माशों’ घ्यायचे: थंड मांस, आतड्यांचे पदार्थ आणि एक पो बोजोले. अजूनही काही खानावळी माशों देतात.

हे का जमतं ते पाहा. चरबी जिभेवर थर धरते, आंबटपणा तो कापतो. खारवलेल्या मांसाचा खारटपणा वाइनचं फळ पुढे आणतो. तुरटपणा कमी असल्याने आतड्यांसारख्या उग्र पदार्थाशी झगडा होत नाही. बोजोलेतच द्राक्षाच्या चोथ्यावर सॉसेज शिजवतात, त्या पदार्थासोबत त्याच मळ्याची वाइन म्हणजे तोडणीच्या दिवसांतलं खास जेवण.

शेजारच्या ब्रेसमधल्या कोंबड्या सगळ्या फ्रान्समध्ये नावाजलेल्या आहेत, १९५७ पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. नुसती भाजलेली ब्रेस कोंबडी आणि चार वर्षांची फ्लरी ही जोडी मी कुठल्याही मोठ्या मेजवानीच्या वर ठेवीन.

१३. माशांसोबत चालेल का?

थोड्या माशांसोबत. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी जुळत नाही, तोंडात धातूसारखी, शिळ्या मासळीसारखी चव रेंगाळते. तेलकट बांगडा किंवा तारली यांच्यासोबत ही चव हमखास येते, तिथे पांढरी वाइनच घ्या. भाजलेला ट्यूना किंवा सामन मात्र गार शिरूब्लसोबत छान लागतो. रवा लावून तव्यावर परतलेली सुरमई चालते, वर लिंबू कमी पिळा.

१४. आणि चीज?

गायीच्या दुधाचं मऊ सँ-मार्सेलँ आणि माकोनेच्या टेकड्यांतलं बकरीच्या दुधाचं लहान चीज, ही जवळची जोडी. कोंते हे कडक चीजही चालतं. निळ्या बुरशीचं चीज टाळा, बोजोले त्यापुढे कडवट होते.

१५. आपल्या तिखट जेवणासोबत खरंच जमते का, की फक्त म्हणायचं म्हणून?

तिखटाच्या जातीवर अवलंबून आहे. मद्यार्क मिरचीची आग वाढवतो, तुरटपणा तिला धार लावतो. बोजोलेत दोन्ही कमी असतात आणि ती गार पितात, म्हणून इतर रेड वाइनपेक्षा तिला जास्त वाव आहे. अमर्याद वाव नाही.

तांबड्या रश्शासोबत मी कुठलीच वाइन देणार नाही. तिथे वाइनची चवच उरत नाही. पण महाराष्ट्रातलं सगळंच जेवण मिरचीवर उभं नाही. सुकं खोबरं, तीळ, दगडफूल आणि जायपत्रीच्या वासाचं वाटण घातलेलं सुकं मटण घ्या, सोबत चार-पाच वर्षांची मॉर्गों. भाजलेल्या खोबऱ्याची खमंग चव आणि जुन्या मॉर्गोंची मातकट बाजू एकमेकींना ओळखतात. पांढऱ्या रश्शासोबत ब्रुयी चांगली. गोव्याच्या शोरिस सॉसेजात डुकराची चरबी, मिरची आणि व्हिनेगर एकत्र असतात. खूप गार केलेली व्हिलाज तिथे उभी राहते, कारण चरबी-खारटपणाचं गणित लिऑनच्या सॉसेजसारखंच आहे (प्रश्न १२). विंदालूत आंबटपणा फार असतो, वाइन फिकी पडते.

एक नियम कामाला येतो: ताटातला पदार्थ वाइनपेक्षा आंबट नसावा आणि गोडही नसावा. चिंच-गुळाची आमटी या दोन्ही बाजूंनी त्रास देते. सोलकढी आणि वाइन एकाच घासाला घेऊ नका. श्रीखंड आलं की पेला बाजूला ठेवा.

१६. आमच्या घरी मांसाहार नाही. मग बोजोले कशासोबत?

अनेकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी पदार्थांसोबत. फ्रान्समध्येच मसूर-सलाड, साय घालून भट्टीत भाजलेले बटाट्याचे काप, लोण्यात परतलेलं अळंबी, बीट यांच्यासोबत ती पितात. अळंबी आणि मुरलेला क्रू ही तर पक्की जोडी.

आपल्याकडे गोडा मसाला आणि दाण्याच्या कुटाची भरली वांगी (गूळ हात राखून), वरून तूप सोडलेला मसालेभात, लोण्यासोबत थालीपीठ, कोथिंबीर वडी. तळलेल्या आणि खमंग पदार्थांसोबत गार साधी बोजोले घ्या, वांग्यासोबत ज्युलिएना. अळूवडीत चिंच-गूळ जास्त असेल तर प्रश्न १५ मधला नियम लागू होतो.

१७. वाइन द्राक्षांची, मग ती शाकाहारी नसण्याचा प्रश्न कुठे येतो?

येतो. वाइन नितळ करण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. हे पदार्थ गाळासोबत खाली बसतात आणि काढून टाकले जातात, पण ज्यांना तत्त्वतः नको त्यांच्यासाठी प्रश्न उरतोच. अनेक जण मातीवर आधारित बेंटोनाइट वापरतात, काही जण नितळ करतच नाहीत. अंडं किंवा दूध शिल्लक असेल तर युरोपात लेबलवर लिहावं लागतं, जिलेटिनला ते बंधन नाही. म्हणून लेबलवर ‘व्हीगन’ असा उल्लेख शोधा किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहा.

१८. बाटली गढूळ होती, जिभेला बारीक चुरचुर लागली. परत करू का?

आधी उत्पादक पाहा. बोजोले ही ‘नैसर्गिक वाइन’ या चळवळीची एक जन्मभूमी आहे. ज्यूल शोव्हे (१९०७–१९८९) हे इथले व्यापारी आणि रसायनशास्त्राचे जाणकार. बाहेरचं यीस्ट न घालता आणि सल्फर जवळजवळ न वापरता स्वच्छ वाइन करता येते, हे त्यांनी अभ्यासाने दाखवलं. व्हिल्ये-मॉर्गोंचे मार्सेल लापिएर (१९५०–२०१०) त्यांच्या वाटेने गेले, मग जाँ फोयार, गी ब्रतों आणि जाँ-पोल तेव्हने. केळ्याच्या वासाच्या जमान्यात या माणसांनी मॉर्गोंला तिची चव परत मिळवून दिली. त्यांचं ऋण मोठं आहे.

अशा वाइन न गाळता भरल्या जातात, म्हणून थोडा गढूळपणा चालतो. चुरचुर बहुधा उरलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. वाइन जगमध्ये ओतून दहा मिनिटं ठेवली की जाते. मात्र नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास येत असेल तर तो दोष आहे, ‘नैसर्गिक’ म्हणून खपवून घेऊ नका. अशा बाटल्या उष्णतेत फार लवकर बिघडतात, फ्रिजमध्येच ठेवा.

१९. स्वयंपाकात कुठली वापरू?

साधी बोजोले किंवा व्हिलाज. वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी, लाल वाइनच्या सॉसमधली अंडी, वाइनमध्ये उकडलेली नाशपाती, हे सगळं तिच्यात उत्तम होतं. तुरटपणा कमी असल्यामुळे आटवल्यावर कडू होत नाही. क्रू पातेल्यात घालू नका, पेल्यात ठेवा.

२०. पांढरी आणि रोझे बोजोलेही असते म्हणे?

असते, दोन्ही थोड्या प्रमाणात. पांढरी शार्दने द्राक्षाची, रोझे गामेचीच.

२१. दहा वर्षांची मॉर्गों उघडली तर ती पिनो नुआरसारखी लागली. बाटलीत चूक झाली का?

मुळीच नाही, तुमचं नशीब चांगलं. मॉर्गों, मुलँ-आ-व्हाँ, शेना आणि ज्युलिएना चांगल्या वर्षाच्या असतील तर दहा वर्षं आणि काही त्याहून पुढे जातात. ताजं फळ मागे सरतं आणि ओली पानं, अळंबी, वाळलेल्या चेरी पुढे येतात. तेव्हा जाणकारही अनेकदा तिला बर्गंडी समजतात. नातं का आहे ते प्रश्न १० मध्ये आलं. फ्लरी आणि ब्रुयी तीन ते सहा वर्षांत प्या, व्हिलाज दोन-तीन वर्षांत.

हे सगळं थंड तळघराच्या हिशोबाने आहे. मुंबईच्या कपाटात तीच बाटली दोन उन्हाळ्यांत म्हातारी होते. वाइनसाठीचा वेगळा फ्रिज नसेल तर जुनी व्हावी म्हणून विकत घेऊ नका, मुरलेलीच घ्या.

२२. फ्रान्सहून येताना कोणती आणू?

भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. नूव्हो आणून ती जागा वाया घालवू नका. कोत द्यू पीची एक मॉर्गों आणा आणि एक शेना. शेना आपल्याकडे दुकानात क्वचितच दिसते. प्रवासानंतर दोन आठवडे बाटल्या आडव्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, मग उघडा.